धरलेली तार

आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत चिटपाखरू नसतं. शेडच्या दारात फोडलेले कोहळे, कुंकवाचा चिखल आणि वॉचमन तिम्मण्णा, एवढंच. तरी मी गेले होते. घरी बसून बोलणार कोणाशी? आई गेल्यापासून माझ्या बोलण्याला साधं 'हं' म्हणणारंही कोणी नाही, आणि पन्नाशीच्या बाईने भिंतीशी तरी किती बोलायचं!

दुपारी मालकांचा, चन्नबसप्पा सरांचा, फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"नागवेणी, आमची लेक गिरिजा बाळंत झाली. सातव्या महिन्यातच. दवाखान्याचा वॉर्मर बंद पडलाय आणि पोराला हलवायचं नाही म्हणतात. आपल्या शेडमधला चालू होईल?"

"त्याचा बोर्ड मुका आहे, सर."

"मग बोलता कर ना बाई! गाडी पाठवतोय."

नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनवतो आम्ही. बाळाच्या अंगाचं तापमान सांगणारा सेन्सर, डिस्प्ले, मेमरी चिप, सगळे दोनच तारांवरून मायक्रोकंट्रोलरशी बोलतात. एका तारेवर ठोका, दुसरीवर बोलणं. कंट्रोलर एकेकाला नंबराने हाक मारतो. ज्याचा नंबर, त्याने बोलण्याची तार क्षणभर खाली ओढायची आणि सोडायची. तेच त्याचं 'हं'. पण कोणी ती ओढून धरूनच ठेवली की सगळ्यांची वाचा बसते. इथे तेच झालं होतं.

पहिला संशय कालच्या पूजेत यंत्रांना लावलेल्या कुंकवावर. "बोर्डाला कुंकू लावू नका म्हणून कानीकपाळी ओरडले होते मी!"

"देवाचं आहे अक्का, देव बघून घेईल," तिम्मण्णा चुरमुरे चघळत म्हणाला.

"हो, देव येणारेय सोल्डरिंग करायला!"

स्पिरिटने बोर्ड घासून पुसला. तार खालीच. रेझिस्टर तपासले, ठीक होते. कंट्रोलरकडून नुसते ठोके देऊन पाहिले. अडकलेली चिप त्याने सहसा सुटते. नाही सुटली. मग एकेकाला उपटायला घेतलं. डिस्प्ले काढला, मेमरी काढली, शेवटी सेन्सर काढला. आता तारेवर कोणीच नव्हतं, आणि तार धरलेलीच होती. कंट्रोलर बदलला. तीच रड. भिंगाखाली बोर्ड इंच इंच पाहिला. स्वच्छ.

एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरच्या सपाट हिरव्या रेघेकडे बघताना मला रडूच यायला लागलं.

"सोड ना रे बाबा," मी वैतागून म्हणाले. "तिकडे पोर गारठतंय."

तार सुटली.

योगायोग असणार, कुठेतरी जोड ढिला असणार. भराभर डिस्प्ले लावला, मेमरी लावली आणि कंट्रोलरला सगळ्यांना हाका मारायला लावल्या. दोघांनी ओ दिली. मग सेन्सरच्या नंबरावरूनही 'हं' आलं.

सेन्सर माझ्या डाव्या हातात होता.

डिस्प्लेवर खोलीचं तापमान दिसू लागलं. वॉर्मरच्या गादीवर हात ठेवला, तसा आकडा चढत गेला. तळव्याखाली थर्मामीटर सरकवला. दशांशासकट तोच आकडा. खरा सेन्सर जोडला की तार पुन्हा धरली जायची, काढला की सुटायची. तीनदा करून पाहिलं.

अंगावर काटा आला. पण खोटं कशाला सांगू, भीतीच्या आधी मला बरं वाटलं. कोणीतरी ओ देत होतं.

गाडी दारात आली. दुसरं यंत्र नव्हतं. थर्मामीटर पर्समध्ये टाकला आणि गाडीत चढवलेल्या वॉर्मरच्या शेजारी जाऊन बसले.

"मशीनच्या आकड्यावर विसंबू नका, त्याला सेन्सर नाही," दवाखान्यात पोचल्याबरोबर मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "मी बसते मोजत."

"सेन्सर नाही? मग हा आकडा कुठून येतोय?"

"ते मलाही माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि बाळाला गादीवर ठेवलं. माझ्या ओंजळीत मावलं असतं एवढंच होतं. मी थर्मामीटर त्याच्या काखेत धरायचे आणि डिस्प्लेकडे बघायचे. दर वेळी दोन्हीकडे तोच आकडा. बाळ जरा गार पडलं की हीटर आपसूक वाढायचा. चन्नबसप्पा सर दाराशी उभे होते, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"जगेल ना गं?"

"मशीन लक्ष ठेवून आहे, सर." दुसरं काय म्हणणार होते मी?

सकाळी बाळ बारीक चिरक्या आवाजात रडलं. एवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. दवाखान्याचा वॉर्मरही दुरुस्त होऊन आला. नर्सने बाळाला तिकडे नेलं, आणि सर डोळे पुसत तिच्या मागोमाग गेले.

खोलीत मी एकटी राहिले. हीटर बंद केला. गादी लगेच गार पडली.

आकडा उतरला नाही. छत्तीस पॉइंट पाच.

बऱ्याच वेळाने तो उतरू लागला. गादीसारखा भरकन नाही. अंग गार पडावं तसा, हळूहळू.

मला राहवेना. मी गादीवर हात ठेवला.

उतरणं थांबलं.

"अक्का, चला, कॉफी घ्या गरम गरम," दारातून नर्स म्हणाली. "रात्रभर बसलात."

"आले," म्हणाले आणि हात उचलला.

चार बोटं उठली. करंगळी उठेना. ती कोणीतरी धरलेली होती.