बोटीला बसवलेला गाडीचा कार्ब्युरेटर

भाऊजींपर्यंत, म्हणजे ताईच्या नवऱ्यापर्यंत, पाणी पोहोचवायचं होतं, आणि तेही दुपारच्या आत! समुद्रातल्या एकाकी खडकावर ते हवामान-केंद्र सांभाळत. तिथली पाण्याची टाकी फुटली होती. "चार घोट उरलेत," एवढं त्यांनी काल वायरलेसवर कसंबसं सांगितलं होतं. नेमकी तेव्हाच ताईच्या बोटीच्या इंजिनानं मान टाकली. कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई झिजली होती आणि बंदरात तशी सुई मिळेना. मग तिची धाकटी बहीण आपल्या गॅरेजमधला मोटारगाडीचा कोरा कार्ब्युरेटर घेऊन आली. तीच घडण, तेच चार बोल्ट! "डोळे झाकून चालव," असं ती छातीठोकपणे म्हणाली. ताईनं सुकाणू धरलं, खलाशीकाकांनी दोर सोडला आणि पाण्याचे सहा कॅन घेऊन तिघं निघाली.

तासभर सगळं सुरळीत चाललं. मग किनारा दिसेनासा झाला, वारा फिरला आणि बोट लाटांवर आडवीतिडवी आपटू लागली. एका तडाख्यासरशी इंजिन बंद पडलं. समोर खडकांची काळी रांग होती आणि प्रवाह त्यांना तिकडेच ओढत होता!

ताईचा हात किल्लीवर गेला.

"थांब!" धाकटी ओरडली. पेट्रोलचा वास! तिनं इंजिनावरची फळी उचलली. लाटांच्या हिसक्यांनी कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल हवेच्या भोकातून बाहेर उसळलं होतं. गाडीत ते रस्त्यावर ठिबकतं, वाफ वाऱ्यावर निघून जाते. इथे खाली रस्ता कुठला? जड वाफ बोटीच्या तळाशी दबा धरून बसली होती. एक ठिणगी, की खेळ खलास!

"अगं, खडक आले!" ताई किंचाळली.

"किल्ली काढ! वायरींना हात लावू नकोस. चूक माझी आहे ताई, पण आता माझं ऐक!"

"भांडा नंतर, आधी वल्ही घ्या!" काका गरजले. त्यांनी आणि ताईनं जीव खाऊन बोट रोखून धरली.

धाकटीनं पेट्रोलचा कॉक बंद केला, सगळी झाकणं उघडली, ताडपत्री ताणून वारा तळाशी वळवला आणि सांडलेलं पेट्रोल स्पंजानं टिपून डब्यात पिळलं. मग हत्यारांच्या पेटीतून बोटीचा जुना कार्ब्युरेटर काढला. त्याची हवेची नळी आत वळलेली होती, उसळलेलं पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनाच्याच घशात जावं म्हणून! कालच ती या वाकड्या नळीला हसली होती. आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं नवा कार्ब्युरेटर उतरवून त्यातली धड सुई काढली. जुन्यात बसवली. एक बोल्ट. दोन. बोट खडकाला घासली! काकांनी रेटलं, वल्हं मोडलं. तीन. चार!

ताई शिव्या घालत होती. तरीही धाकटीनं तळ पुन्हा कोरडा पुसला, नाक खुपसून हुंगलं. वास नव्हता.

"आता फिरव!"

इंजिन खोकलं, गुरगुरलं, धडधडलं! ताईनं सुकाणू गरकन वळवलं आणि बोट खडकांच्या तावडीतून सुटली. पुढे लाटांनी आपटून आपटून पिसं काढली, पण तळात पेट्रोलचा थेंब पडला नाही!

खडकावरच्या पायऱ्या भाऊजी बसत बसत उतरले. ओठ फाटलेले, तोंडातून शब्द फुटेना. ताईनं पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. दुसरा. तिसरा. मग त्यांना कंठ फुटला.

"आता कुणीतरी चहा ठेवा की!"

ताई तिथेच मटकन बसली आणि रडत रडत हसू लागली. चहा धाकटीनं ठेवला.