उबेतले गोळे

त्या दुपारी नणंदेचा विसरलेला चष्मा द्यायला मी तिच्या प्रयोगशाळेत गेले, एवढंच काम होतं. माझ्या धाकट्या जावेच्या पोटातली कर्करोगाची गाठ काढली होती, पण रोग मागे उरला होता. त्या गाठीच्या पेशी नणंद तिथे वाढवत होती.

"आलीच आहेस वहिनी, तर बघून जा. हात लावू नकोस, आणि शिंकायचं तर घरी जाऊन शिंक."

झगा, टोपी घालून मी आत गेले. उबदार कपाट एका सुरात घुमत होतं. ओल्या लोखंडासारखा गोडसर वास होता. तिने पेशी कालवलेल्या जेलीचे थेंब एका ताटलीत सोडून ती हलकेच पालथी केली.

"घट्ट होईपर्यंत उलटी ठेवायची. नाहीतर पेशी तळाला बसून चपट्या होतात. अशा गोल वाढतात, शरीरात होत्या तशा."

आधीच्या ताटलीत वाढलेले गोळे भिंगातून पाहिले, मोत्यांसारखे. रोगच तो, पण लेकरासारखा जपलेला. औषध आधी त्याच्यावर, मग माणसावर. तिच्या हातांना मी मनोमन नमस्कार केला.

"काही लागू पडतंय का ग?"

"नाही अजून. एकच औषध उरलंय…"

ती हातमोजे बदलायला वळली. जावेसाठी माझे उपवास, मौन, सगळं करून झालं होतं. कपाटाच्या काचेशी जाऊन मी देवाला म्हटलं, "तिचं मला दे."

घुमणं थांबलं. काचेवर आतून वाफ धरली, कुणी तोंड जवळ आणून श्वास सोडावा तशी.

"वहिनी… काही बोललीस?"

"नाही ग."

ते शेवटचं औषध लागू पडलं. ताटलीतले गोळे विरले, आणि जाऊही उठली. आता माझ्या आमटीला नावं ठेवते, म्हणजे ठणठणीत आहे.

परवा नणंद घरी आली. गोठवून ठेवलेले थोडे गोळे प्रयोगशाळेत त्यांनी पुन्हा वाढवले होते. ते त्याच रुग्णाचे आहेत ना, हे रक्ताशी ताडून पाहायची त्यांची रीत. जुळले नाहीत. म्हणून त्या खोलीत गेलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासलं, माझंही.

"ते तुझे आहेत, वहिनी." तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "तुझ्या अंगातून तर कधी काही काढलंच नाही…"

मी तिचा हात धरला. "मागितलं ते मिळालं म्हणायचं. औषध कोणतं, ते तर ठाऊक आहे ना? मग झालं."

"तसं नाही, वहिनी…" ती माझ्याकडे बघेना. "हे गोळे गोठवले, तेव्हा तू तिथे अजून आलीच नव्हतीस."