बंदुकीवरचं चांगलं पुस्तक

शिडीवर चढलेल्या माणसाला बंदुकीबद्दल एकदम विचारू नये, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

"बंदुकीवरचं एखादं पुस्तक आहे का हो? अगदी नवशिक्यासाठी?"

वरून आधी एक जाडजूड शब्दकोश आला, मागोमाग बागकामाची दोन पुस्तकं, आणि शेवटी पायरी चुकवत स्वतः दुकानदार. जुन्या पुस्तकांचं दुकान ते. धूळ अशी काही उडाली की खिडकीतून येणारं दुपारचं ऊन जागच्या जागी सोनेरी होऊन थांबलं. त्या सोनेरी धुळीत दोघं एकमेकांकडे बघत नुसते शिंकत राहिले.

"कोणाला मारायचंय?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली... आणि तिचं तिलाच नवल वाटलं. कितीतरी दिवसांत तिनं कोणाची थट्टा केली नव्हती.

खरं कारण सांगायला मात्र जीभ रेटेना. घरी कपाटात सासऱ्यांची जुनी दुनळी बंदूक होती. सासरे एकेकाळचे जंगलखात्यातले बडे साहेब. नवरा गेल्यापासून घरात ती, तिची चार वर्षांची पिटुकली आणि सासरे, एवढीच माणसं. अलीकडे बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, स्मृती विरत चालली होती. बंदूक भरलेली आहे का, असं विचारलं की सकाळी म्हणत, "छे, रिकामी आहे." संध्याकाळी तेच म्हणत, "भरलेली आहे, हात लावू नकोस." कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली बाबांच्या उशीखाली. आणि उशीखालच्या सगळ्या वस्तूंवर पिटुकलीचा हक्क!

कोणाला तरी दाखवू या म्हटलं की बाबांचा चेहरा पडे. "माझ्या बंदुकीला परका हात लागायचा नाही, सूनबाई. शब्द दे मला." तिनं शब्द दिला आणि स्वतःची झोप घालवून बसली. छापखान्यात मुद्रितं तपासणारी बाई ती. अडलं की तिला एकच सुचे. पुस्तक.

"गोष्ट लिहितेय मी," तिनं ठोकून दिलं. "गोष्टीत बंदूक आहे."

"अस्सं! लेखिका!" दुकानदारानं घाईघाईनं शर्टावरची धूळ झटकली. ती अजूनच पसरली. "मग एक ऐका. बंदुकीवरची पुस्तकं ढिगानं मिळतील, नवशिक्याच्या कामाची थोडी. पहिलंच प्रकरण सुरक्षेचं नसेल, तर पुस्तक परत ठेवायचं. चित्रात बाण काढून भाग दाखवलेले हवेत, नळी कुठली, चाप कुठला, घोडा कशाला म्हणायचं. मागे शब्दसूची हवी. आणि लेखक स्वतःची मर्दुमकी सांगायला लागला, की खुशाल पुस्तक मिटायचं."

"आणि दुकानदार सांगायला लागला तर?"

"तर चहा मागवायचा," तो गंभीरपणे म्हणाला. "तो काही लवकर थांबत नाही."

चहा आला. चहाबरोबर एक पुस्तकही मिळालं. ते निघालं तोफा आणि तह यांचं. राजे-महाराजे, वेढे, सलाम्या... बंदूक उघडतात कशी, याचा पत्ताच नाही. ते परत करायला ती गेली. मग एका शिकाऱ्याच्या आठवणी मिळाल्या. त्यात पानोपानी बिबट्या येई आणि पानोपानी लेखक शूर होई. तेही परत करायला ती गेली. मग परवान्याच्या कायद्याचं एक रुक्ष पुस्तक आलं. त्यातून तिला नवीनच काळजी लागली, बाबांच्या परवान्याची मुदत संपून जमाना झाला असणार!

प्रत्येक वेळी तो पुस्तक देण्याआधी पानांवर हळूच फुंकर घाली. प्रत्येक वेळी विचारी, "मग? तुमच्या गोष्टीतली बंदूक उडाली का?"

"नाही अजून. नायिका घाबरट आहे."

"घाबरट कशानं?"

"घरात लहान मूल आहे ना तिच्या. ती सगळीकडे बघत असते. जिन्याचा कठडा, चुलीवरचं भांडं, उघडी खिडकी... जग म्हणजे तिला टोकंच टोकं दिसतात."

त्यानं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग म्हणाला, "तिला कोणीतरी सांगायला हवं, की थोडा वेळ बस, तोवर मी बघतो." आणि उगीचच शेल्फावरची सरळ पुस्तकं आणखी सरळ करत राहिला.

त्या दिवशी घरी जाताना रस्ता तिच्या पायांखालून कधी सरला, तिला कळलंच नाही. संध्याकाळचा वारा, दिव्यांचे ओले ओले उजेड, आणि कानात ते एकच वाक्य... मी बघतो. दाराशी आल्यावर मात्र तिनं केस नीट झटकले. रोजच झटकायची.

"छापखाना हल्ली उशिरा सुटतो वाटतं?" बाबांनी विचारलं.

"पुस्तक आणायला गेले होते, बाबा."

"धूळ राहिलीय गं. डाव्या कानामागे."

बाबा जगातलं सगळं विसरत. नेमकं बघायचं ते बघत.

मुद्रितं तपासणाऱ्या डोळ्यांना चूक दिसली नाही तर ते डोळे कसले? एके दुपारी ती काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "तुमच्याच कसोट्या लावून बघितल्या. तुमची सगळी पुस्तकं नापास! ना सुरक्षेचं प्रकरण, ना बाण, ना शब्दसूची."

"चांगलं मिळालं की देतोच," तो म्हणाला. बोलताना त्याची नजर वरच्या फळीकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली.

तिनं ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. विचारलं असतं तर पुस्तक मिळालं असतं, आणि मग पुन्हा यायला काय निमित्त उरलं असतं? ती आणखी एक चित्रांचं पुस्तक घेऊन गप्प निघाली. मनातल्या मनात स्वतःला बजावत राहिली, कपाटाला कुलूप आहे. किल्लीही मी वरच्या खुंटीवर टांगलीय... आहे ना?

पुढच्या वेळी बाबा तपासणीला गेले होते, शेजारच्या काकू त्यांच्यासोबत. म्हणून पिटुकली तिच्याबरोबर दुकानात आली. दुकानदारानं तिला काउंटरवर बसवलं, आईनं परत करायला आणलेलं तेच चित्रांचं पुस्तक समोर ठेवलं. हस्तिदंती नक्षीच्या बंदुका, चांदीच्या मुठीची पिस्तुलं.

पिटुकलीनं एका पानावर बोट टेकवलं. "अशी आमच्याकडे आहे."

"हो का? खेळण्यातली?"

"नाही. आजोबांची. कपाटात. स्टूल घेतलं की किल्लीला हात पुरतो माझा."

 त्यानं तिच्या आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"गोष्ट नव्हती ती," तो हळूच म्हणाला.

"नाही."

तो वळला. शिडी ओढली, वर गेला, वरच्या फळीवरची पुढची रांग बाजूला केली आणि मागून लाल पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढून आणलं. तिनं उघडलं. पहिलंच प्रकरण सुरक्षेचं. पुढे बाण, मागे शब्दसूची. आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: "बंदूक भरलेली आहे की नाही हे माहीत नसेल, तर ती भरलेलीच आहे असं समजा. पुस्तक वाचून तिला हात लावू नका. आधी जाणत्या माणसाला घरी बोलवा."

"हे कधीपासून होतं?"

"पहिल्या दिवसापासून." त्याचा आवाज कोरडा झाला होता. "हे दिलं असतं तर... तुम्ही परत आला नसता."

"माझी मुलगी आहे घरात!"

"मला वाटलं गोष्ट आहे..." तो थांबला. "नाही. कारण सांगत नाही. चुकलंच माझं."

ती आणखी खूप बोलणार होती. पण वरच्या फळीकडे गेलेली ती नजर तिनंही पाहिली होती, आणि ती न विचारता घरी निघून गेली होती. राग त्याच्यावरून घसरत तिच्याच पायाशी येऊन बसला.

"आहे का कोणी जाणता?" तिनं विचारलं.

"ज्यांच्याकडून ही सगळी बंदुकीवरची पुस्तकं दुकानात आली, ते काका. बंदुका दुरुस्त करायचे. चला."

बंदूकवाले काका जाड चष्म्याचे आणि कमी बोलणारे होते. ती घरात शिरली ती थेट तपासणीहून परतलेल्या बाबांपुढे जाऊन बसली. "बाबा, मी शब्द मोडतेय. रागावा हवं तर."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पदराआडून डोकावणाऱ्या पिटुकलीकडे.  मग म्हणाले, "उघड कपाट. माझ्या आठवणीवर घर ठेवू नकोस, सूनबाई."

काकांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. दुकानदार आत आलाच नाही. उंबऱ्याबाहेर, भिंतीला टेकून उभा. काका परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक काडतूस होतं. जुनं, कळकटलेलं. एकच.

 तिनं पिटुकलीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली, "आई, दुखतंय."

पोलिस ठाण्यात जमा करायला बंदूक गेली, सोबत काका गेले. दुकानदार मागे रेंगाळला. "मी..." त्यानं सुरुवात केली.

"आज नको," ती म्हणाली.

तो गेला.

मग दिवस नुसते आले नि गेले. छापखान्यातून ती वेळेवर घरी येई. झोप परत आली होती, शांत, सलग. तरी जागेपणी काहीतरी हरवल्यासारखं वाटे. चांगलं ऊन पडलं की तिला उगीचच शिंक येईलसं होई.

"ते कपाट उघडंबोडकं बरं दिसत नाही," एका सकाळी बाबा म्हणाले. "त्या धुळीवाल्याला सांग, पुस्तकं लाव म्हणावं त्यात."

"कोण धुळीवाला, बाबा?"

"मला काय विचारतेस? मी विसरतो." बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. उलटं होतं ते.

दुकानात तो शिडीवरच होता. पाठमोरा. ती दारातच थांबली.  आज समोर बंदूक नव्हती, कुलूप नव्हतं, आणि भीती मात्र तेवढीच होती.

"बंदुकीवरचं एखादं पुस्तक आहे का हो?"

या वेळी तो पडला नाही. एकेक पायरी जपून उतरला. काउंटरखालून लाल पुस्तक काढून त्यानं तिच्यासमोर ठेवलं. फुंकर घातली नाही. त्यावर धूळ बसलीच नव्हती.

"हेच आहे. आता वरच्या फळीवर काही ठेवत नाही मी."

तिनं पहिलं पान उघडलं. "इथे लिहिलंय, जाणत्या माणसाला घरी बोलवा."

"बोलावलंत की. काका येऊन गेले."

"ते बंदुकीतले जाणते." ती पानावरून बोट फिरवत राहिली, मान वर न करता. "एक कपाट रिकामं आहे घरात. त्यात पुस्तकं लावायची आहेत. आणि... थोडा वेळ बसायचं आहे मला. कोणीतरी बघत असेल तर."

त्यानं काउंटरवरची नसलेली धूळ पुसली. मग हळूच म्हणाला, "मी काही जाणता नाही हो. या बाबतीत तर अगदीच नवशिका."

"मग पहिलं प्रकरण आधी. सुरक्षेचं."

"काय असतं त्यात?"

"माझ्यापासून काही लपवायचं नाही. मीही गोष्टी रचणार नाही."

"आणि दुसऱ्यात?"

तिनं मान वर केली. खिडकीतलं ऊन त्याच्या केसांत, भुवयांवर, सगळीकडे सोनेरी होऊन बसलं होतं.

"चहा मागवा," ती म्हणाली. "मी काही लवकर थांबणार नाही."

त्या संध्याकाळी पुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन दोघं तिच्या दाराशी आले. सवयीनं तिचा हात केसांकडे गेला... आणि अर्ध्यावरून परत आला. धूळ तशीच राहू देऊन तिनं दार वाजवलं.