मीनाबाईच्या दुधातलं पाणी

दूध संस्थेच्या आकारामतात्यांचा फोन आला तेव्हा प्रसेनजीत कळंब्याच्या खोलीवर दुपारचा चहा गाळत होता.

"साहेब, तुम्ही हिकडं या. मीनाबाईनं म्हैस इकायला काढलीया. उद्या वडगावच्या बाजाराला न्हेणार."

"का?"

"का म्हंजे? आज संध्याकाळी दूध घालून झाल्यावर संचालक बसणार हायती. दुधात पाणी घालती म्हणून तिचं नाव संस्थेतनं कमी करायचं ठरलंय. तुम्हीच सांगितलंसा न्हवं का?"

चहा कपाबाहेर सांडला तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्यानंच सांगितलं होतं, त्यात काही खोटं नव्हतं.

कागलच्या अलीकडच्या त्या गावात दूध संस्थेला नोंदीचा प्रोग्रॅम त्यानं लिहून दिला होता. कॉम्प्युटर जुनापुराणा, त्याला माउस नाही. म्हणून साधा काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. रांगेतल्या सभासदांची नावं एकाखाली एक दिसायची आणि ज्याची पाळी, त्याच्या नावावर निळी पट्टी. वर-खाली बाणांच्या बटणांनी पट्टी हलवायची आणि एंटर दाबायचं. आत मशीन दूध मोजायचं आणि थोड्या वेळानं फॅटचा आकडा नावापुढं उमटायचा. मोजणी चालू असतानाही पडदा अडकत नसे, पट्टी लोण्यावरून बोट फिरावं तशी सरकायची. याचं प्रसेनजीतला भारी कौतुक. आणखी एका गोष्टीचा तर अभिमानच होता. कीबोर्ड त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर, लोकांच्या बाजूला ठेवला होता. ज्याचं दूध त्यानंच एंटर दाबायचं, म्हणजे कुणाच्या मनात शंका नको.

मागच्या आठवड्यात मीनाबाईच्या नावापुढं वारंवार कमी फॅट यायला लागली, तेव्हा संचालकांनी त्याला बोलावलं. त्यानं मशीन तपासलं, चार नमुने घालून बघितले, आकडे बरोबर आले. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," असं सगळ्यांसमोर सांगून, पोहे खाऊन तो निघून आला. मीनाबाई तेव्हा दाराशीच उभी होती. तिला त्यानं एका शब्दानं काही विचारलं नव्हतं.

आता गाडीवरून जाताना ते पोहे त्याच्या घशाशी येत होते.

मीनाबाई गोठ्यात होती. पन्नाशीची, एकटी बाई. म्हैस सोडली तर घरात दुसरं कुणी नव्हतं. प्रसेनजीतला बघून तिनं पदर सारखा केला, पण बस म्हणाली नाही.

"मावशी, थोडं विचारायचं होतं."

"आता आठवलं व्हय?"

त्याची मान खाली गेली. "खरंय तुमचं. पण विचारतो. दूध घरातनं कोण नेतं?"

"मीच."

"वाटेत किटली कुठं ठेवता?"

"ठेवत न्हाय. रांगेत ठेवती, समद्यांसारखी. किटली ठेवायची आन् सावलीला बसायचं."

"तुमच्या पुढं कुणाची किटली असते?"

"गणपतरावांची. रोज."

"ते संचालक आहेत ना? त्यांना रांग कशाला?"

"मला काय ठाव? मोठा माणूस. लग्नात पहिल्या पंगतीला बसतो, हितं मात्र माझ्या म्होरं किटली ठिवून गप उभा ऱ्हातो."

"एंटर तुम्ही दाबता?"

मीनाबाईनं हात पुढं केले. शेणानं भरलेले. "ह्या हातानं तुझं बटन खराब करू? गणपतरावच म्हणत्यात, थांब वैनी, मी दाबतो. भला माणूस हाय."

"आकडे कधी बरे येतात का?"

"गणपतराव हुपरीला लगनाला गेलते, तवा चांगले आलते. मला वाटलं, पेंड बदलली म्हणून असंल."

चोरी कशी होते ते प्रसेनजीतला अजून नीट कळलं नव्हतं, पण चोराला दार कुणी उघडून दिलं ते कळायला लागलं होतं.

संस्थेत आकारामतात्या एकटेच मशीन पुसत होते. तेच तिथले सचिव आणि दूध मोजणारेही तेच.

"तात्या, दूध मोजताना तुम्ही कुठं बघता?"

"कुठं म्हंजे? मशीनकडं. नळी दुधात नीट बुडाया पायजे की."

"म्हणजे खिडकीकडं पाठ."

"व्हय. तुम्हीच तसं मांडून दिलंय."

आणखी एक टोचणी. प्रसेनजीतनं ती गिळली.

"आज एक करा. गणपतरावांच्या आणि मीनाबाईंच्या दुधाचा नमुना मशीनला लावल्यावर उरलेलं दूध टाकू नका. दोन वेगळ्या भांड्यांत माझ्याजवळ द्या. आणि मी आत बसलोय हे कुणाला सांगू नका."

"गणपतराव संचालक हायत, साहेब. माझी नोकरी जाईल."

"आणि मावशींचं नाव गेलं तर?"

तात्यांनी दोन भांडी धुऊन ठेवली.

संध्याकाळी रांग लागली. मीनाबाईनं यायचं नाकारलं होतं. प्रसेनजीतनं पाया पडून तिला आणलं होतं, "आजच्या दिवस" म्हणून. गणपतराव आले. पांढरा सदरा, टोपी, तोंडभर हसू. रांगेच्या पुढं जायला कुणीही वाट दिली असती, पण त्यांनी किटली मीनाबाईच्या किटलीच्या बरोबर पुढं सरकवली.

प्रसेनजीत आतल्या बाजूला पोत्यांआड बसून होता. तिथून पडदा तिरपा दिसत होता.

गणपतरावांची पाळी आली. तात्यांनी नळी दुधात बुडवली. गणपतरावांनी एंटर दाबलं. मग दुसऱ्याशी बोलता बोलता सहज बोट लागल्यासारखं करून बाणानं पट्टी एक घर खाली नेली. आकडा उमटला.

"घ्या वैनीचं. थांब वैनी, मी दाबतो."

पुन्हा एंटर. पुन्हा बाण, या वेळी वर. आकडा उमटला. तात्यांनी वळून बघितलं तेव्हा पडदा शहाण्या पोरासारखा स्तब्ध होता. गणपतरावांपुढं साडेसात, मीनाबाईपुढं चार.

"बघा," गणपतराव खिडकीतून मोठ्यानं म्हणाले. "सांगून सुधरत न्हाय म्हटल्यावर काय करायचं?"

मीनाबाई खाली बघत उभी होती.

बैठकीला संचालक बसले, गावातली चार माणसं खिडकीशी थांबली. चेअरमन नाव कमी करायचा विषय काढणार, तेवढ्यात प्रसेनजीत दोन भांडी घेऊन बाहेर आला.

"ह्यात आत्ता मोजलेलं दूध आहे," तो म्हणाला. "हे गणपतरावांचं. हे मीनाबाईंचं. तात्यांनी स्वतः ओतून दिलंय. आता सगळ्यांसमोर परत मोजू. एंटर मीच दाबतो, बाकी कुणी कीबोर्डला हात लावायचा नाही."

गणपतरावांचं दूध मोजलं. चार. मीनाबाईचं मोजलं. साडेसात.

खिडकीशी कुजबूज झाली. चेअरमननी चष्मा काढून पुसला.

"मशीन बिघडलंय, पावणं," गणपतराव म्हणाले.

"मशीन ठीक आहे. बिघाड माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि तो तुम्ही ओळखलात." प्रसेनजीत संचालकांकडे वळला. "एंटर दाबल्यावर मशीनला मोजायला थोडा वेळ लागतो. उत्तर येईल तेव्हा ते ज्याच्यासाठी विचारलं त्याच्याच नावापुढं बसायला पाहिजे. मी तसं लिहिलं नाही. मी लिहिलं, उत्तर येईल तेव्हा निळी पट्टी ज्या नावावर असेल, तिथं ते बसव. आणि मोजणी चालू असताना पट्टी हलवता येते, याचं मी वर कौतुक करत होतो. गणपतरावांनी स्वतःचं दूध मोजताना पट्टी मीनाबाईंवर नेली, मीनाबाईंचं मोजताना ती आपल्या नावावर आणली. आकड्यांची अदलाबदल झाली. म्हणून गणपतरावांना रांगेत नेमकं बाईंच्याच पुढं उभं राहायचं असतं. म्हणून यांना बाईंचं बटण दाबायची हौस. म्हणून हे हुपरीला गेले तेव्हा बाईंचं दूध चांगलं निघालं. मी मागच्या वेळी तपासलं, तेव्हा बाणाला हातच लावला नव्हता. त्यामुळं मला सगळं बरोबर दिसलं."

"तिचीच किटली का?" चेअरमननी विचारलं.

"गावात सगळ्यात चांगलं दूध त्यांचंच आहे. चोरायचं तर तेच."

गणपतरावांनी टोपी काढली, परत घातली. "एकदा चुकून झालं," ते म्हणाले. "बोट चाळवलं, आन् आकडा तिकडं गेला. कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. मग म्हटलं, बघू परत. घरात साय काढून घेत्यात, दूध पातळ व्हतं. संचालकाचं दूध परत कसं पाठवायचं? माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

"आणि तिची?" आकारामतात्या म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते संचालकावर चढ्या आवाजात बोलले असावेत.

गणपतरावांना संचालकपदावरून काढायचं ठरलं. मीनाबाईचं नाव राहिलं. चेअरमननी तिची माफी मागितली, दोघातिघांनी "आम्हाला पहिल्यापास्नं वाटतच हुतं" असं सांगून घेतलं, आणि माणसं पांगली.

मीनाबाई रिकामी किटली धूत होती. प्रसेनजीत तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

"मावशी, मी उद्याच दुरुस्त करतो. परत असं होणार नाही. म्हैस विकू नका."

"न्हाय इकत. भाऊ हाय माझा कोल्हापुरात, दूध कट्ट्यावर उभा ऱ्हातो. म्हैस तिकडं न्हेती. तिथं माणसासमोर धार काढायची, माणसानं तिथंच प्यायची."

"पण आता तर सगळ्यांना कळलं. तुमचं दूध खरं आहे."

मीनाबाईनं किटलीचं झाकण लावलं.

"माझ्या दुधाचं खरं तुझ्या पडद्यावर आकडा बदलल्यावर कळलं व्हय? त्या दिवशी बी तू पडदाच बघितलास, आज बी पडदाच बघितलास. मी तिथं दारात उभी हुते. एकानं तरी म्हटलं का, मीनाबाई, तू घालतीस का पाणी?"

प्रसेनजीतनं हात जोडले.

"दुरुस्त कर," ती म्हणाली, "बाकीच्या बाया घालत्यात दूध हितं. त्यांच्यासाठी कर."

ती किटली घेऊन निघून गेली. आकारामतात्यांनी आतून कॉम्प्युटर बंद करू का म्हणून विचारलं. प्रसेनजीत नको म्हणाला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर कीबोर्ड पुढं ओढून कामाला बसला.