ओंडक्यांखालचं कोकरू

तो माझ्या लोडरसमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला, तेव्हा लोडरच्या पंजात तीन ओंडके होते आणि माझ्या तोंडात चीज रोलचा शेवटचा घास.

मी मशीन थांबवलं, काच खाली केली.

"जीव नकोसा झालाय का?"

"माझा नाही... एका पिल्लाचा वाचवायचाय. इंजिन बंद करता का जरा?"

जानेवारी म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात भर उन्हाळा, पण वारं दक्षिण ध्रुवाकडचं असलं की हुडहुडी भरतेच. त्याच्या पापण्यांवरून पावसाचं पाणी ठिबकत होतं आणि तो ते पुसतही नव्हता – माझ्याकडेच बघत होता. मला उगाचच ग्रीसने माखलेले हात लपवावेसे वाटले. स्वतःचाच राग आला.

त्याचं नाव तेओने. वन्यजीव खात्यातला, पलीकडच्या खाडीवरच वाढलेला. कुरा नावाच्या समुद्रसिंहिणीवर तो महिनाभर नजर ठेवून होता. किनाऱ्यावर नर दांडगाई करतात, म्हणून या आया पिल्लांना रानात आत आणून लपवतात आणि मासे खायला समुद्रात जातात. कुरा काल सकाळी गेली होती. तिच्या पिल्लाचा माग आमच्या पाइनच्या रानात शिरला होता आणि पुढे पावसात पुसला होता.

"यंदा या किनाऱ्यावर दोनच पिल्लं झाली," तो म्हणाला. "दुसरं परवा गाडीखाली गेलं."

तेवढ्यात वॉकीटॉकीवर बाबा गरजले. "मोराग, थांबलीस का? ट्रक अर्ध्या तासात येतोय."

"खात्याचा माणूस आलाय, बाबा."

"चहा पाज आणि वाटेला लाव त्याला."

तेओने हसला. "चहा चालेल. वाटेला नंतर लागतो."

मी थर्मासमधला चहा दिला. घेताना त्याची गार बोटं माझ्या बोटांना लागली... आणि त्याने विचारलं, "काल-आज काही आवाज ऐकलात? बारीक, केविलवाणा?"

"नाही," मी म्हणाले.

ऐकला होता. काल संध्याकाळी मशीन बंद केलं तेव्हा याच ओंडक्यांच्या राशीतून कोकरू ओरडल्यासारखं वाटलं होतं. आम्ही मेंढ्यांच्या मुलखातली माणसं, कोकरू ओरडलं की कान वळत नाहीत. शेजारच्या कुरणातलं चुकलं असेल, आई शोधेल त्याला, असं म्हणून मी घरी गेले. पण आमची कोकरं सप्टेंबरात जन्मतात. जानेवारीत ती चांगली धष्टपुष्ट असतात, इतक्या कोवळ्या आवाजात कुठून ओरडणार? हे मला आत्ता सुचत होतं. त्याच राशीतून सकाळपासून मी दोन ट्रक भरले होते, आणि आज आवाज आला नव्हता.

तो ओढ्याकडे गेला. वाकून एकेक झुडूप बाजूला करून बघत होता, भलत्याच ठिकाणी. मी केबिनमध्ये बसून राहिले. पिल्लू मेलं असेल तर माझ्या हातून मेलं होतं. बाबांचं काम जाणार, आणि हा माणूस पुन्हा माझ्या हातचा चहा घेणार नाही. या दुसऱ्या गोष्टीचं इतकं वाईट का वाटावं, देव जाणे.

मग मी उतरले आणि चिखलातून धावत त्याच्यापाशी गेले.

"काल ऐकलं मी. त्या राशीत. कोकरू वाटलं मला."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मघाशी नाही म्हणालात."

"खोटं बोलले. घाबरले. काय बोलायचंय ते नंतर बोला."

"बोलणारच आहे," तो म्हणाला आणि राशीकडे पळाला.

मी वॉकीटॉकी उचलला. "बाबा, ट्रक परत पाठवा." ते काय म्हणाले ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आई समुद्रात असताना ही पिल्लं भुकेने कधी ओरडतात, पण माणसाच्या हाकेला ओ देत नाहीत, जवळ कुणी आलं की गप्प पडून राहतात. त्यामुळे हाका मारण्यात अर्थ नव्हता. एकेक ओंडका उचलायचा, एवढंच हातात होतं. एक चुकीचा उचलला असता तर सगळी रास घसरली असती. तेओने राशीच्या तोंडाशी पालथा पडून आत बघत होता आणि हाताने खुणा करत होता. डावीकडचा. हळू. थांबा. माझ्या पाठीवरून घाम निथळत होता, त्या थंडीत.

अकरावा ओंडका मी वर धरला होता तेव्हा मागून एक जाड, घोगरी हाक आली. कुरा.

ती फांद्या तुडवत सरळ राशीकडे आली. तेओने तिच्या वाटेत पडलेला. त्याला उठायला वेळच नव्हता. तो निपचित राहिला. वर माझा ओंडका. लिव्हरवरचं माझं बोट जरा जरी हललं असतं तर तिघांचाही चेंदामेंदा झाला असता. काही नको, फक्त या माणसाला काही होऊ नये, असं मी पुटपुटत होते. तासाभरापूर्वी मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

कुराने त्याची मान हुंगली आणि पुन्हा हाक मारली.

आणि राशीखालून कोकरू ओरडलं.

चिखलाने माखलेलं एक पिल्लू फटीतून सरपटत बाहेर आलं, तेओनेच्या पाठीवरून गेलं आणि आईच्या कुशीत घुसलं. ती त्याला घेऊन झाडांत दिसेनाशी झाली, तेव्हा मी ओंडका बाजूला ठेवला. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. हुंदके देऊन रडले, लाजबीज काही वाटली नाही.

तो केबिनच्या पायरीवर चढला. गालाला चिखल, केसात पाइनच्या काड्या.

"अहवालात लिहिणार आहे मी. तुम्ही खोटं बोललात ते."

"लिहा."

"आणि नंतर खरं बोललात, तेही." त्याने गालावरचा चिखल पुसला. "पिल्लू या रानातून हलेपर्यंत इथलं काम बंद राहील. मी रोज येणार... इथे कुणाचे तरी कान हवेत. पुन्हा आवाज आला तर कुणाला सांगाल?"

"तुम्हाला," मी नाक पुसत म्हणाले.

"आणि नाही आला तर?"

मी त्याच्या केसातली एक काडी काढली. हात ग्रीसचाच होता.

"तरी तुलाच."