भिंत गेली कुठे?

फाटकाशी काँक्रीटची गाडी येऊन उभी होती आणि रडारवालीच्या खड्ड्यात नुसती माती.

तिनेच गुप्तहेर मावशीला बोलावलं होतं. मावशीची पिशवी धरायला भाचा. जमिनीखालचं दाखवणारं, जमिनीवरून ढकलायचं ते रडार त्याला गवत कापायचं यंत्रच वाटलं.

रडारवालीने पडद्यावर पुरलेली जुनी भिंत दाखवली. शेजारी उलट्या धनुष्यासारखी कमान. ती नळाच्या पाइपची खूण. "भिंत आहे, मावशी. आज सापडली नाही तर काँक्रीटखाली जाईल. मग माझ्या शब्दाला कोण विचारतो?"

काल तिने सगळी मापं एका दोरीपासून घेतली होती. दोरी कठड्याच्या गजांतून ओवून दोन खुंट्यांना बांधलेली. आजचा खड्डाही त्याच दोरीपासून मोजून खणलेला. गाठ तिला काम शिकवणाऱ्या सरांची. इथे ती आम्हा दोघांनाच येते, असं ती म्हणाली.

मावशीने त्याच दोरीपासून पाइपचं पडद्यावरचं माप धरायला लावलं. टेप बाकाखाली गेला. नळ मात्र दोन मीटर पलीकडे. मावशी नुसतं "हं" म्हणाली.

भाच्याचा संशय ठेकेदारावर. भिंत फोडणारा हातोडा शोधायला तो सिमेंटवरची ताडपत्री सोडू लागला आणि नख मोडून बसला. ठेकेदार हसला. त्याची गाठ म्हणे कापावीच लागते, दुसरी त्याला येत नाही. शिवाय खाली काही नाही, असं सरांनीच मागे लिहून दिलेलं. मग तो कशाला घाबरेल?

सर खुर्चीत बसून होते. यंत्र फसवतं आणि पोरगी हट्टी, एवढंच त्यांचं म्हणणं.

मावशीने सगळ्यांना खुंटीपाशी बोलावलं.

"पाइप नळाला सोडून बाकाखाली जात नसतो. म्हणजे मोजणीनंतर दोरीच सरकली."

भाच्याने ठेकेदाराकडे डोळे वटारले.

"त्याच्याकडे काय बघतोस? गजांतून दोरी काढायची तर गाठ सोडून परत बांधायला हवी. त्याने बांधली असती, तर तुझं दुसरं नख गेलं असतं."

तिने टोक हलकेच ओढलं. गाठ सुटली.

"ही दोघांनाच येते. त्यातल्या एकीने मला बोलावलं."

सर खाली बघत राहिले. "मी लिहून दिलं होतं."

"ते खरं ठरावं म्हणून भिंत गाडायची?" मावशीचा आवाज चढला नाही.

 नळाचं माप जुळेपर्यंत रडारवालीने दोरी सरकवली, गजांतून ओवली आणि एक टोक सरांपुढे केलं.

"धरा, सर. सैल सोडू नका."

ठेकेदाराने गाडी मागे घ्यायला लावली. नव्या खड्ड्यात पहिल्या विटेला खुरपं लागलं, तेव्हाही दोरी सरांच्याच हातात होती. ताठ.