कोरडं बॉनेट

ललितची गाडी पुन्हा माझ्या गॅरेजच्या दारात आली, तेव्हा खरं तर मी तिला हात लावायलाच नको होता. बोईसरजवळ सालवडला पंचवीस वर्षं माझं गॅरेज आहे. गेल्या जानेवारीत याच ललितनं याच दारात मी बसवलेला नवा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, आणून फेकला होता. पंढरीच्या, म्हणजे माझ्या, सेल्फनं पहाटे आवाजसुद्धा केला नाही, म्हणून त्याचे वडील तात्या दवाखान्यात न पोचता घरातच गेले, असं चारचौघांत ओरडून सांगितलं होतं. तो सेल्फ मी त्याच्यादेखत बॅटरीवर लावला. गरगर फिरला. पण ऐकतंय कोण? तेव्हापासून त्यांच्या गावातली एकही गाडी माझ्याकडे येत नाही.

आता बोईसरच्या बाकीच्या मेकॅनिकांनी हात टेकले होते, म्हणून स्वारी माझ्याकडे. तात्यांची बावीस वर्षांची डिझेल गाडी थंडी पडली की सकाळी उचलत नव्हती. ललितच्या आईला, माईंना, आठवड्यातून दोनदा सातच्या आत डायलिसिसला न्यावं लागतं. गाडी हातात घेतली ती माईंसाठी. थंडीत इंजिन तापवणारे चारी हीटर प्लग लालबुंद होत होते. डिझेल फिल्टरमध्ये पाणी नव्हतं. बॅटरी ठीक, कॉम्प्रेशन ठीक. माझ्या दारात गाडी अर्ध्या चावीला सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, गाडी नाय उचलत. शिवी अगदी ओठांवर आली होती.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला मीच सफाळ्याजवळ त्यांच्या चिकूच्या वाडीत जाऊन उभा राहिलो. थंडीनं हात खिशातून काढवत नव्हता. गाडीचं टप, काचा, डिकी, सगळं दवानं ओलं होतं. बॉनेट तेवढं कोरडं. मी हात ठेवला आणि झटकन काढून घेतला, इतकं ते तापलं होतं.

कुठून आणलीस आता, असं विचारलं तर ललित म्हणाला, रात्रभर हलली नाही. मी चाकांखाली वाकून पाहिलं. गळलेली चिकूची पानं चाकांना चिकटून तशीच पडली होती, दवानं भिजलेली. ओट्यावर शाल गुंडाळून बसलेल्या माई म्हणाल्या, रोजच तापलेली असते.

ललितनं बॉनेट उघडलं. बॅटरीची एक वायर काढून बाजूला ठेवलेली होती, ती जागेवर लावून तो पान्यानं आवळायला लागला. बॅटरी उतरू नये म्हणून संध्याकाळी वायर काढून ठेवायची, ही तात्यांची सवय त्यानंही सोडली नव्हती. मला हे आजच कळत होतं. म्हणजे रात्री ही गाडी कुणालाच चालवता आली नसती.

मी स्टिअरिंगवर बसून चावी फिरवली. सेल्फ फिरला, पण इंजिन उचलेना. एवढं गरम इंजिन आणि उचलत नाही, हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

मग एकदम लक्षात आलं, आणि माझं डोकं भडकलं. वायर काढलेली असली की सेल्फ फिरत नाही. आवाजसुद्धा करत नाही.

"तात्या गेले त्या पहाटे ही वायर लावली होतीस?"

ललित पाना फडक्यानं पुसायला लागला.

"लावली होतीस का?"

"गडबडीत राह्यली," तो म्हणाला. "मागून ध्यानात आलं. लोक विचारीत होते, तुमचं नाव आलं तोंडात."

एक वर्ष. एक वर्ष मी माणूस मारणारा मेकॅनिक म्हणून फिरलो. तोच पाना हिसकावून त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. फोडलं नाही ते माईंमुळे. त्या ओट्यावरून उतरत होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी रागानंच पुन्हा चावी फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

माई मागच्या सीटवर बसल्या, तशी गाडी जराशी दबली. तात्या शेजारी असताना बसायच्या तशा त्या अगदी कडेला सरकून बसल्या होत्या. ललितनं पुढचं दार उघडलं.

"तू रिक्षानं ये," माई म्हणाल्या. "गाडीत जागा नाय."

पाच जणांची गाडी. आत मी आणि त्या.

माईंनी दार ओढून घेतलं. त्यानंतर गाडीची मागची बाजू पुन्हा एकदा दबली.